वॉकरवरची घंटी: खुब्याचा सांधा बदलल्यानंतरच्या 14 आठवड्यांचं एक प्रकरण

मी रुग्णांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देतो. माझ्याकडच्या रुग्णांपैकी निम्मे तरी खुब्याचं ऑपरेशन झालेले असतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात वैद्यकीय गुंतागुंत म्हणावी अशी जवळपास नव्हतीच. ऑपरेशन चोख झालं, जखम वेळेत भरली, घरातला प्रत्येक माणूस सेवेला हजर होता. तरी तिसऱ्या आठवड्यात गाडं रुतलं. ते कशात रुतलंय हे कळायला मला आणखी दहाएक दिवस लागले. नाव-गाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण 73 वर्षांच्या. सगळी हयात शिवणकामात गेलेली. पडल्या त्या आठवड्यातही मशीनवर अर्धवट शिवलेला कपडा होता. मी त्यांना काकू म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. घरात काका, वय 78, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. मुलगी दुसऱ्या शहरात. ती पहिले दहा दिवस येऊन राहिली. काकूंना रक्तदाबाची एक गोळी चालू, दोन्ही कानांना श्रवणयंत्र, आणि सहा वर्षांपूर्वी पाय घसरून डावं मनगट मोडलेलं. प्लास्टर निघालं आणि ते मनगट सगळे विसरून गेले.

रात्री अडीचच्या सुमारास बाथरूमला जाताना त्या पॅसेजमध्ये पडल्या. पॅसेजमधला दिवा आठ दिवस बंद होता. काका उठून आले तेव्हा काकूंचा उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं. हे लक्षण दिसलं की एक्स-रे येण्याआधीच आम्हाला अंदाज येतो. मांडीच्या हाडाची मान मोडली होती आणि तुकडे सरकले होते.

ही मान म्हणजे हाडाचा वरचा गोळा आणि खालचा दांडा यांना जोडणारा भाग. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक वाहिन्या या मानेला चिकटून वर चढतात. तुकडे सरकले की त्याही तुटतात. मग स्क्रूने हाड जोडलं तरी गोळा आतून मरण्याची भीती राहते. म्हणून या वयात जोडाजोडीपेक्षा सांधा बदलणं बरं पडतं. काकू आधी आधाराशिवाय हिंडत-फिरत होत्या, डोकं तल्लख होतं, त्यामुळे सर्जनने नुसता गोळा न बदलता, तो कंबरेच्या हाडातल्या ज्या वाटीत फिरतो तिच्यासकट पूर्ण सांधा बदलला. पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत दीड दिवसही गेला नाही. ही घाई योग्यच होती. उतारवयात खुबा मोडलेल्या चार-पाच जणांमधला एक जण वर्षभरात दगावतो, आणि त्यात हाडापेक्षा अंथरुणाला खिळण्याचा वाटा मोठा असतो.

काकांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "हे किती वर्षं टिकतं हो?" मी त्यांना जॉन चार्न्लीची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या या सर्जनने आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, त्या भराभर झिजल्या, आणि 1962मध्ये त्याने पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची वाटी वापरायला घेतली. आजचा सांधा त्याच घराण्यातला आहे. 2019मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा दहापैकी साधारण सहा सांधे 25 वर्षं टिकलेले दिसले. काकांनी मनातल्या मनात 73 मध्ये 25 मिळवले आणि समाधानाने मान हलवली. सांधा टिकेल की नाही ही त्यांची खरी काळजी नव्हतीच, पण ते मला नंतर कळलं.

हॉस्पिटलमधल्या दिवसांपैकी एकाच गोष्टीवर थांबतो, कारण घरच्यांनी केलेली सर्वांत मोठी मदत त्या दिवसांतली आहे, आणि ती मदत म्हणून कुणी मोजली नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू बहकल्या. छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते कापड खाली काढा, भिजतंय." नर्सला परकी बाई समजून ओरडल्या, लघवीची नळी ओढली. मुलगी घाबरून गेली. आईला वेड लागलं, भूल डोक्यात गेली, असं तिला वाटलं. याला डिलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तो सर्रास दिसतो. वेदना, गुंगी आणणारी औषधं, झोपमोड, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, अशा पाच-सहा गोष्टी एकदम चढाई करतात आणि थकलेला मेंदू तात्पुरता हार मानतो. सकाळी माणूस ठीक वाटतं, दिवे लागले की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या लक्षात आलं की आई तिच्या तोंडाकडे बघतेय, पण तिचं बोलणं आईपर्यंत पोहोचत नाहीये. श्रवणयंत्रं कुठेत? ऑपरेशनला नेताना काढलेली वस्तू, हरवायला नको म्हणून कुणीतरी चष्म्यासकट पिशवीत घालून घरी पाठवली होती. म्हणजे दोन दिवस या बाई अनोळखी खोलीत, धूसर नजरेने आणि जवळजवळ बहिऱ्या पडून होत्या. मुलगी यंत्रं आणि चष्मा घेऊन आली, खिडकीचा पडदा सरकवला, आईचा हात धरून आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पायाला काय झालंय हे तिने शांतपणे, पुन्हापुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी लघवीची नळी काढली, गुंगीची औषधं कमी केली, पोट साफ होण्याचं औषध दिलं. दीड-दोन दिवसांत काकू मूळपदावर आल्या. यंत्रांमुळे किती फरक पडला आणि औषधांमुळे किती, याची वाटणी करता येणार नाही. पण तेव्हापासून ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो की दागिने घरी न्या, चष्मा आणि कानाची यंत्रं उशाशी ठेवा.

सातव्या दिवशी काकू घरी आल्या. आठव्या दिवशी मी गेलो.

घराची तयारी पाहून मी खूश झालो. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून तो उंच केलेला, कमोडवर उंच सीट बसवलेली, हात टेकायला दांडे असलेली ताठ खुर्ची आणलेली, पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेलेल्या. पॅसेजमध्ये एका दिव्याच्या जागी तीन दिवे होते, शिवाय जमिनीलगत एक झिरोचा. मी थट्टेने म्हणालो, "काका, विमान उतरवायचंय का इथे?" ते हसले नाहीत.

वॉकरच्या दांडीला नातवाने जुन्या सायकलची घंटी बसवली होती. आजीला काही हवं असलं की ट्रिंग. मला कल्पना फार आवडली. आता ती आठवली की स्वतःचीच गंमत वाटते.

सर्जनने मागच्या बाजूने सांधा उघडला होता, म्हणून तीन पथ्यं होती: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय किंवा तिढा घालायचा नाही, आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. साधारण तीन महिने. मागचे स्नायू आणि आवरण भरून येईपर्यंत सांधा त्या दिशेने निखळू शकतो. लोकांना वाटतं खाली बसणं तेवढं टाळायचं. प्रत्यक्षात बहुतेक चुका खुर्चीत बसल्या-बसल्या होतात. चष्मा जमिनीवर पडतो, माणूस पुढे वाकून तो उचलायला जातं, गुडघे जवळ येतात आणि तिन्ही पथ्यं एका हालचालीत मोडतात. काकूंना हे लगेच कळलं. "म्हणजे कंबरेपासून पुढे घडी पडता कामा नये," त्या म्हणाल्या. कापडाच्या भाषेत सांगितलेलं त्या एकदा ऐकून विसरत नसत.

पहिले दोन आठवडे चांगले गेले. घोट्याची वरखाली हालचाल, मांडी आणि नितंबाचे स्नायू आवळणं, टाच सरकवणं, मग उभं राहून पाय बाजूला नेणं. वॉकर घेऊन आधी खोलीत, मग पॅसेजच्या टोकापर्यंत. सून रोज ठरल्या वेळी पोटावर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देत होती. पाच आठवडे तिने एक दिवसही चुकवला नाही. एकदा पोटरी सुजली, दुखायला लागली, आणि त्या दिवशी धावपळ झाली. पायातल्या रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, म्हणजे डॉपलर तपासणीत, रक्ताची गुठळी निघाली नाही. ऑपरेशन झालेला पाय थोडा सुजतोच, पण एका पोटरीचं दुखणं वाढत असेल किंवा अचानक धाप लागली तर घरी अंदाज बांधत बसायचं नसतं.

मी दर आठवड्याला एक साधी चाचणी घेतो. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लावून. धडधाकट वयस्क माणसाला दहा-बारा सेकंद पुरतात. काकूंना दहाव्या दिवशी 38 सेकंद लागले. सतराव्या दिवशी 36. चोविसाव्या दिवशी 37.

इथे मी अडलो. वेदना कमी होत्या, जखम कोरडी, सांधा हवा तसा हलत होता. माझ्यासमोर त्या सगळे व्यायाम नीट करत. पण मांडी मात्र दिवसेंदिवस ढिली लागत होती. मी आठवड्यातून तीनदा पाऊण तास जातो. उरलेल्या वेळेत काय चालतं ते मला दिसत नाही. 2007मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 12 निरोगी वयस्कांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर प्रत्येकाच्या पायांतलं सरासरी किलोभर मांस घटलं. निरोगी माणसांचं हे, आणि तेही 10 दिवसांत. पाऊण तासाचा व्यायाम त्यापुढे किती पुरणार?

मी नातवाला कामाला लावलं. त्याला एक वही दिली आणि सांगितलं की घंटी वाजली की वेळ लिही, काय हवं होतं ते लिही, कोण गेलं ते लिही. शनिवार-रविवार त्याने गुप्तहेराच्या उत्साहाने नोंदी केल्या. शनिवारी घंटी 31 वेळा वाजली. पाणी. पंखा कमी. पंखा जास्त. चादर सरकली. फोन दुसऱ्या टेबलावर. सात वेळा बाथरूम. उशी. "आजीला काय हवं होतं ते तिलाच आठवेना," अशी एक नोंद. आणि 31 पैकी 26 ओळींपुढे एकच शब्द: आजोबा.

त्यातल्या किती वेळा खरोखर माणूस लागत होतं, ते मी मोजलं. बाथरूमच्या सात फेऱ्यांना कुणीतरी शेजारून चालणं शहाणपणाचं, आणखी दोन गोष्टी खाली वाकल्याशिवाय होणाऱ्या नव्हत्या. बाकी बावीस वेळा काकूंनी उठायला हवं होतं. दिवसातून बावीस वेळा खुर्चीतून उठणं याच्याइतका चांगला व्यायाम माझ्याकडे नाही. तो सगळा व्यायाम काका करत होते.

आणि कसा करत होते ते मी सोमवारी पाहिलं. घंटी वाजली, काका आले, काकूंच्या दोन्ही काखांत हात घालून "हं, चल" म्हणत त्यांना वर ओढलं. काकू ओल्या कापडासारख्या लोंबकळत उभ्या राहिल्या. असं ओढल्याने खांदे दुखावतात, वाकलेला खुबा वेडावाकडा फिरतो आणि 78 वर्षांच्या माणसाची कंबर कामातून जाते. मी म्हणालो, "काका, हात मागे बांधून इथे उभे राहा. काहीही झालं तरी सोडायचे नाहीत. मी आहे ना."

काकू खुर्चीच्या कडेपर्यंत सरकल्या. उजवा पाय थोडा पुढे, डावा खाली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. पहिल्यांदा बूड वीतभर उचललं आणि परत टेकलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कोपर थरथरले. मी काकांकडे पाहिलं. पाठीमागे गुंफलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि तोंड भिंतीकडे वळलं होतं. चौथ्यांदा काकू उभ्या राहिल्या, वॉकर धरला आणि म्हणाल्या, "अहो, बघा तरी." काका बघायला तयार नव्हते.

मला वाटलं, निदान झालं: अतिकाळजी करणारा नवरा. अशा घरांसाठी माझं एक ठरलेलं भाषण आहे, ते मी दिलं. पुढच्या भेटीत वही पाहिली. घंटी 29 वेळा.

त्या दिवशी काका बाहेर गेले होते. मी दर महिन्याला रुग्णाच्या गोळ्या एकदा बघून घेतो. औषधोपचार माझं क्षेत्र नाही, पण चक्कर आणि तोल यांचा संबंध थेट माझ्या कामाशी येतो. काकूंना म्हटलं, सगळ्या गोळ्या काढा, कपाटातल्यासुद्धा. त्यांनी काढल्या. मग थोडा वेळ थांबून शिवणाच्या डब्यातून, बॉबिनच्या खालून, आणखी एक पट्टी काढली. झोपेची गोळी. दोन-अडीच महिन्यांपासून त्या अर्धी गोळी घेत होत्या. कुणा ओळखीच्या बाईंनी दिली होती, घरात कुणाला माहीत नव्हतं. पडल्या त्या रात्री अर्ध्याने झोप लागेना म्हणून उरलेली अर्धीही घेतली होती.

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? सगळ्यांनी दिव्यावर टाकलं होतं ना. दिवा त्यांनी बदलायचा होता. मी दोनदा आठवण केली होती." त्या पट्टीशी चाळा करत राहिल्या. "पहिले चार दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. नुसते बसून असायचे. मग मी पाणी मागितलं तर पळत गेले. तोंडावर जरा बरं दिसलं. म्हणून मग वाजवते मी घंटी."

"तुम्हाला नको असतानाही?"

"मला उठता येतं हो. त्यांना बसता येत नाही."

एवढी वर्षं मी घरोघरी जातोय, पण अंथरुणावरचं माणूस उशाशी बसलेल्याची काळजी घेतंय ही शक्यता मी कधी हिशेबात धरली नव्हती. माझं अतिकाळजीवाल्या नवऱ्याचं भाषण चुकीच्या माणसाला दिलं गेलं होतं. आता वाटतं, ते कुणालाच द्यायला नको होतं.

काकूंच्या संमतीने मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, गोळी बंद करायचं वेळापत्रक दिलं, आडवं आणि उभं असताना रक्तदाब मोजला. उभं राहिल्यावर तो बऱ्यापैकी खाली येत होता. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी झाली. काका आणि मुलगा समोर असताना डॉक्टरांनी पडण्याची कारणं सांगितली. झोपेची गोळी, उभं राहताना उतरणारा रक्तदाब, झिजलेली चप्पल, अंधार. आणि पडल्यावर हाड मोडलं, कारण ते मुळात ठिसूळ होतं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दिवा नव्हता?"

"दिवाही होता," काकू म्हणाल्या. "पण एकटा नव्हता."

त्या रात्री दोघं भांडले, असं नातवाने मला सांगितलं. गोळी लपवली म्हणून. त्याच्या मते आजोबा बऱ्याच दिवसांनी नेहमीसारखे ओरडले.

ठिसूळ हाडांबद्दल माझी एक तक्रार आहे ती इथे नोंदवतो. हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावर टाके, इंजेक्शन, एक्स-रेची तारीख सगळं होतं; हाडांच्या ठिसूळपणाबद्दल एक ओळ नव्हती. सहा वर्षांपूर्वी उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं तो पहिला इशारा होता, तेव्हाही कुणी पुढे काही विचारलं नव्हतं. सांधा नवा बसला तरी दुसऱ्या बाजूचं हाड तेच जुनं असतं. या वेळी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं, दात तपासून घेतले, आणि दहाव्या आठवड्यात हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड दिलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत हे औषध सुरू केलेल्या रुग्णांची चाचणी 2007मध्ये प्रसिद्ध झाली आहे. नव्या फ्रॅक्चरचं प्रमाण 35 टक्क्यांनी कमी दिसलं होतं. सांधा बदलून घेतलेल्यांना मी हल्ली विचारतो, आधी कधी मनगट मोडलं होतं का?

मदतीची नवी वाटणी कुणी कागदावर केली नाही. ती आपोआप होत गेली. घंटी काढायची नाही असं काकूंनी ठरवलं, पण ती फक्त बाथरूमसाठी. बाथरूमला जाताना काका मागे अर्ध्या पावलावर, डाव्या हाताने त्यांच्या कंबरेचा पट्टा सैल धरून. ओढायचं नाही, पडायला लागल्या तरच घट्ट करायचा. मुलगी रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून स्वतःही व्यायाम करायची. आईपेक्षा तिलाच आधी दम लागायचा आणि काकू त्यावर खूश असत. सुनेबद्दल उशिरा लक्षात आलं. इंजेक्शनं, डॉक्टरांच्या तारखा, गोळ्यांचा डबा, शिवाय स्वतःची नोकरी. ती रात्री साडेबाराला लॅपटॉप उघडत होती. काका मोकळे झाल्यावर डॉक्टरांच्या तारखा आणि औषधं आणणं त्यांनी घेतलं. मुलगा सगळ्यांच्या मते निष्काळजी, आईने हाक मारली तरी "आलो" म्हणून पाच मिनिटं न येणारा. खरं सांगायचं तर तो एकटा घरी असलेल्या दिवशी काकू सर्वांत जास्त उठायच्या. हे मी त्या घरात बोललो नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी वेळ 27 सेकंदांवर आली. सहाव्या आठवड्यातला एक्स-रे चांगला निघाला. सातव्यात वॉकर सुटला आणि काठी आली.

काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. यावर प्रत्येक घरात वाद होतो, इथेही झाला. दुखरा पाय उजवा तर आधार उजवीकडे हवा, असं काकांचं म्हणणं. उजव्या पायावर उभं राहिलं की शरीराचा तोल डावीकडे कलतो, आणि तो सावरायला उजव्या खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावतात. त्यांची जागा सांध्याच्या अगदी जवळ असल्याने त्यांना फार ओढावं लागतं. साधं चालतानाही सांध्यावर वजनाच्या दुपटीहून जास्त भार पडतो. डाव्या हातातली काठी लांबून थोडा जोर लावते आणि त्या स्नायूंचं बरंचसं काम वाचवते. काकूंनी काठी दोन्ही हातांत आलटून पालटून धरून पाहिली आणि निकाल दिला. काका गप्प.

मग पायाच्या लांबीचं प्रकरण निघालं. "माझा उजवा पाय अर्धा इंच लांब झालाय," काकू एक दिवस म्हणाल्या. ही तक्रार नेहमीची आहे. पण या बाई पन्नास वर्षं डोळ्यांनी माप घेत आलेल्या. त्यांनी नातवाकडून टेपने बेंबीपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजून घेतले होते आणि फरक खरोखर अर्ध्या इंचाच्या आसपास भरत होता. मी मोजलं तर जेमतेम पाव सेंटीमीटर. दोघांचीही मापं बरोबर होती. मी कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून मोजतो, ती पायाची खरी लांबी. बेंबीपासून मोजलं की त्यात कंबरेचा कलही येतो. स्नायू आखडल्यामुळे त्यांची कंबर एका बाजूला कलली होती. "म्हणजे कापड सरळ कापलंय, पण टांगलंय तिरकं," काकू म्हणाल्या. मी ताण देण्याचे दोन व्यायाम वाढवले आणि चपलेत टाच उंच करू दिली नाही. बाराव्या आठवड्यात टेप पुन्हा निघाला, तेव्हा फरक निम्म्याहून कमी झाला होता.

त्यांचं सगळं लक्ष मशीनकडे होतं. पायमशीन, समोरचं स्टूल बुटकं, सुईत दोरा ओवायला पुढे झुकावं लागतं. तिथे बसणं म्हणजे पथ्याचा भंगच. काकांनी ते मनावर घेतलं. आठव्या आठवड्यात मी गेलो तर त्यांनी मशीन आख्खी लाकडी ठोकळ्यांवर चार इंच चढवलेली आणि खुर्चीही तेवढीच उंच केलेली. घाम पुसत उभे होते. काकूंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पायपट्टीपण वर आली ना. मग पाय तिथेच की!" बरोबर होतं. बैठक आणि पाय ठेवायची जागा दोन्ही सारखीच वर गेल्यावर खुब्याचा कोन बदलणार कसा? काका ठोकळ्यांकडे बघत बसले. दोन दिवसांनी त्यांनी मशीनला मोटार बसवून घेतली. आता पायपट्टीचं काम उरलं नाही, मोटारीचं पॅडल खाली जमिनीवर, डाव्या पायाशी. मशीन आणि खुर्ची वरच. दोरा ओवायला नातू. मोटारीवर हात बसत नाही, टाका पळतो, म्हणून काकूंनी आठवडाभर कुरकुर केली. सुरुवातीला मी वीस मिनिटांची मर्यादा घातली होती, ती किती पाळली गेली हे विचारलं नाही.

चौदाव्या आठवड्यात शेवटची चाचणी: 13 सेकंद. घरात काठी लागत नाही, बाहेर घेतात. संध्याकाळी दमल्या की अजून किंचित लंगडतात. एकट्याने जिना उतरताना पहिल्या पायरीवर थबकतात. उतरताना आधी उजवा पाय हे त्यांना माहीत आहे, थबकणं भीतीचं आहे आणि ते अजून गेलेलं नाही. काकांची कंबर दुखते, तिचे व्यायाम सध्या मीच देतोय. घंटी नातवाने काढून सायकलला लावली.

निघताना मी दारात बूट घालत होतो. काकू खुर्चीत बसल्या-बसल्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या पँटचा डावा पाय खाली अर्धा इंच जास्त आहे. पहिल्या दिवसापासून बघतेय."

मी म्हटलं, "माझीही कंबर कलली असेल."

"छे, शिलाईच तशी आहे. गुरुवारी ठेवून जा."